तेजाबाची बादली

बार्शीटाकळीच्या आमच्या घरात माळ्यावर जस्ताची एक बादली आहे. तिच्या बुडाची पार चाळण झाली आहे. १९८०च्या सुमारास, मृगाच्या तोंडावर, बाबांनी तिच्यात सरकी घेऊन वर तेजाब ओतले. बियाण्याची लव जळाली. मग धुण्यासाठी पाणी टाकले, तशी बादली फसफसली आणि शिंतोडे उडाले. बाबांच्या पावलावरचा डाग अखेरपर्यंत गेला नाही. बादली रात्रभर तशीच राहिली; सकाळी तिचे बूड गेले होते.

रसायनशास्त्र मी शाळेपुरतेच शिकलो. पण तेजाब लोखंडी टँकरमधून येते, हे पाहिले होते. टँकरला जे होत नाही, ते बादलीला का झाले? हा प्रश्न मला पुढे ग्रंथालयांत घेऊन गेला.

गंधकाम्लाचा इतिहास हा बराचसा भांड्यांचा इतिहास आहे. आधी ते काचेच्या फुग्यांत तयार होई. काच टिके, पण फुटे. १७४६मध्ये बर्मिंगहॅमला जॉन रोबक यांनी शिशाच्या खोल्या वापरल्या. आम्ल शिशाला लागले की त्यावर शिसे-सल्फेटचा न विरघळणारा थर बसतो, आणि तोच पुढे शिशाला राखतो. त्यामुळे उत्पादन मोठ्या प्रमाणावर करता आले.

लोखंडाचेही तसेच, पण एका अटीवर. ९८ टक्क्यांच्या थंड, संथ आम्लात लोखंडावर सल्फेटचा थर टिकतो. पाणी मिसळले की तो विरघळतो, हायड्रोजनचे बुडबुडे निघतात आणि धातू झिजत जातो. उष्णता आणि ढवळणेही त्या थराला मारक. बाबांच्या बादलीत ही तिन्ही कारणे एकत्र आली, आणि जस्ताचा मुलामा तर आम्लापुढे लोखंडाहूनही दुबळा.

म्हणून शिफारस असे ती प्लॅस्टिकच्या भांड्याची: किलोभर सरकीला सुमारे १०० मिलिलिटर तेजाब, लाकडी काठीने दोन-तीन मिनिटे ढवळणे, मग भरपूर पाण्याने धुऊन चुन्याची निवळी. तेजाबाचे नाव कळून भागत नाही. ते किती तीव्र, किती गरम, आणि त्यात पाणी केव्हा पडणार, हे पाहूनच भांडे निवडायचे.

आता सरकी लव काढूनच पाकिटात येते. घरोघरचे ते काम संपले आणि त्याची आठवणही विरत चालली आहे. गेल्या दिवाळीत माळा झाडताना मुलाने विचारले, ‘‘बाबा, ही भंगारात देऊ का?’’ मी बादली पुसली आणि परत वर ठेवली.