तोफा थांबल्यानंतर

भोर-वेल्ह्याच्या मावळाला फौजेची परंपरा शिवकाळापासूनची. वर्गात आपण लढाया शिकवतो; लढून परतलेल्या माणसाचे पुढे काय झाले, हे मात्र राहून जाते.

पहिल्या महायुद्धात सहावी पुणे डिव्हिजन आजच्या इराकमध्ये लढत होती. तिच्यात मराठ्यांच्या तीन पलटणी होत्या. डिसेंबर १९१५ मध्ये ती कूट येथे वेढली गेली आणि २९ एप्रिल १९१६ रोजी उपासमारीमुळे शरण आली.

त्याच १९१५ साली चार्ल्स मायर्स या ब्रिटिश मानसशास्त्रज्ञाने ‘शेल शॉक’ या नावाने काही सैनिकांची लक्षणे नोंदवली. तोफगोळ्याच्या हादऱ्याने मेंदूला इजा होते, असा तेव्हा तर्क होता. पण जवळपास गोळा न पडलेल्यांतही तीच लक्षणे दिसू लागली आणि तर्क अपुरा ठरला.

१९१७ साली मुंबईत क्वीन मेरीज टेक्निकल इन्स्टिट्यूट सुरू झाली. पुढे ती खडकीला आली. तिथे अपंग जवानांना कसब मिळाले. न दिसणाऱ्या जखमेला मात्र ‘आघातोत्तर तणाव विकार’ हे नाव मिळायला १९८० साल उजाडले.

या विकारात धोका टळला तरी मेंदू सावधच राहतो. फटाका वाजला की माणूस दचकतो, रात्री झोप लागत नाही. हा भित्रेपणा नव्हे, बाहेरची बाधाही नव्हे. त्यावर उपचार आहेत. पुण्याच्या सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालयात डिसेंबर २०२३ मध्ये जवानांसाठी टेलि-मानस कक्ष सुरू झाला. टेलि-मानसचा क्रमांक १४४१६.

आपल्या वर्गात जवानांची मुले असतात. ‘वडील घाबरट नाहीत, जखमी आहेत’ एवढे त्यांना शिक्षकांकडून कळले, तरी घरातली पहिली अढी सुटेल.