‘तिथे कोणी ओळखलं तर?’ – एएच्या मीटिंगची गोष्ट

“डॉक्टर, मीटिंगला जाईन हो. पण तिथे कोणी ओळखलं तर?”

दारू सोडू पाहणाऱ्या पेशंटला मी अल्कोहोलिक्स ॲनॉनिमसच्या, म्हणजे एएच्या मीटिंगला जायला सांगितलं की हा प्रश्न हमखास येतो. उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर ही एकाच लोकलच्या मार्गावरची गावं. रोज ठरलेल्या डब्यात ठरलेली माणसं. त्यामुळे ही भीती खोटी नाही. पण तिचं उत्तर या मीटिंग कशा सुरू झाल्या त्यात आहे. म्हणून आज औषधांऐवजी थोडा इतिहास सांगतो.

मे 1935. अमेरिकेतलं ॲक्रन शहर. न्यूयॉर्कच्या शेअर बाजारातला बिल विल्सन धंद्याच्या कामासाठी तिथे आला होता. काम फसलं. दारू सोडून त्याला जेमतेम पाच महिने झाले होते आणि हॉटेलच्या बारमधून हसण्याचे आवाज येत होते. एक पेग घेतला की सगळं संपलं, हे त्याला कळत होतं. तो टेलिफोनकडे वळला आणि चर्चच्या यादीतल्या लोकांना फोन लावू लागला. त्याला एकच हवं होतं : दारूशी झगडणारा दुसरा माणूस, ज्याच्याशी बोलता येईल.

दुसऱ्या दिवशी त्याची गाठ डॉ. बॉब स्मिथ यांच्याशी पडली. हे सर्जन होते. दारू शरीराचं काय करते हे त्यांना पुरतं माहीत होतं, तरी बाटली सुटत नव्हती. पंधरा मिनिटांच्या बोलीवर आलेले डॉक्टर कित्येक तास बसले. उपदेश करणारे त्यांना खूप भेटले होते. हा माणूस मात्र स्वतःची गोष्ट सांगत होता. डॉ. बॉब यांनी शेवटची दारू घेतली तो 10 जून 1935 हा दिवस एएचा स्थापनादिन मानला जातो.

इथे एक गोष्ट लक्षात घ्या. बिलने फोन केला तो स्वतःला सावरण्यासाठी. म्हणजे तुम्ही मीटिंगला जाऊन नुसतं ऐकलंत, तरी बोलणाऱ्या जुन्या सदस्याला त्याचा आधार होतो. तिथे कोणी तुमच्यावर उपकार करत नाही.

मग नाव का लपवायचं? तेव्हाही दारुड्या म्हणून शिक्का बसला की नोकरी आणि अब्रू दोन्ही जात. शिवाय, नाव मोठं झालं की माणूस संस्थेपेक्षा मोठा होतो. 1840 मध्ये बाल्टिमोरला सहा पिणाऱ्यांनी अशीच एक चळवळ सुरू केली होती. ती झपाट्याने वाढली, बाहेरच्या वादांत आणि राजकारणात अडकली आणि काही वर्षांत विरून गेली. एएने 1950 मध्ये आपल्या बारा परंपरा स्वीकारल्या. फी नाही, बाहेरच्या देणग्या नाहीत, राजकारण नाही. सदस्य व्हायला एकच अट : दारू सोडायची इच्छा.

आता आपल्याकडे येऊ. 1949 मध्ये कल्याणच्या लष्करी छावणीत वसलेल्या सिंधी निर्वासितांच्या वसाहतीला उल्हासनगर हे नाव मिळालं. त्याच वर्षी मुंबई राज्याचा दारूबंदी कायदा झाला. पिणारा गुन्हेगार ठरला, हातभट्ट्या वाढल्या. प्रकृतीसाठी दारू आवश्यक आहे असं दाखवून परवानाही मिळत असे. पिणाऱ्याच्या आजाराकडे आजार म्हणून पाहणारे थोडेच होते. एए भारतात आली 1957 मध्ये. 1986 मध्ये पुण्यात डॉ. अनिता अवचट आणि अनिल अवचट यांनी पु. ल. देशपांडे यांच्या मदतीने मुक्तांगण सुरू केलं. तिथून महाराष्ट्रातल्या असंख्य घरांना कळलं की व्यसन हा आजार आहे आणि व्यसनातून बाहेर पडलेला माणूसच दुसऱ्याला उत्तम हात देतो.

मला हे उशिरा कळलं. मी पहिली काही वर्षं लिव्हरचे रिपोर्ट दाखवून रागवायचो. पेशंट मान खाली घालून ऐकायचे आणि पुन्हा यायचे नाहीत.

2020 मध्ये कोक्रेन या संस्थेने 27 अभ्यास एकत्र तपासले. दारूपासून सलग दूर राहण्यासाठी एए आणि तिच्याकडे वळवणारे ठरावीक पद्धतीचे उपचार इतर प्रस्थापित उपचारांपेक्षा सरस ठरले. मात्र एक ध्यानात ठेवा. रोज भरपूर पिणाऱ्याने एकाएकी दारू बंद केली तर पहिल्या दोन-तीन दिवसांत थरथर, फिट किंवा भ्रम होऊ शकतो. हे जिवावर बेतू शकतं. आधी डॉक्टरांना भेटा; मीटिंग उपचारांच्या जोडीला असते.

मीटिंग शोधायला एएच्या भारतातल्या कार्यालयाची वेबसाइट पाहा, किंवा 14446 या सरकारी व्यसनमुक्ती हेल्पलाइनवर विचारा. ‘ओपन’ मीटिंगला कोणीही बसू शकतं, ‘क्लोज्ड’ फक्त दारू सोडू इच्छिणाऱ्यांसाठी असते. घरच्यांसाठी 1951 पासून अल-ॲनॉन हा वेगळा गट आहे. पिणारा यायला तयार नसला तरी बायकोने, आईने जरूर जावं.

आणि कोणी ओळखलंच तर? तो माणूसही बहुधा त्याच कारणासाठी तिथे बसलेला असेल. तरीही धीर होत नसेल, तर बदलापूरकरांनी कल्याणला उतरावं आणि उल्हासनगरकरांनी बदलापूरला. पहिल्या दिवशी बोलायची सक्ती नसते. शेवटच्या खुर्चीवर बसा, चहा प्या, ऐका. मग मला येऊन सांगा.