पडद्यासमोरच्या सुया

खानदेशचा उन्हाळा सर्वांना ठाऊक आहे. परंतु ऐन थंडीत जळगाव-धुळ्याचा पारा दहा अंशांखाली उतरतो, हे परमुलखातल्यांना सांगावे लागते. कापसाच्या या मुलखात लोकर आली ती त्यामुळेच. २५ जानेवारी १९८७ रोजी दूरदर्शनवर 'रामायण' सुरू झाले, तर २ ऑक्टोबर १९८८ रोजी 'महाभारत'. आणि रविवारी सकाळी सुया पडद्यासमोर येऊन बसल्या. (याच १९८७ साली आमचा खानदेश नव्या नाशिक धर्मप्रांतात आला.)

भरतकामाला डोळे लागतात. विणकामात सुलट-उलट टाक्यांची सवय झाली की बोटेच मोजतात आणि नजर मोकळी राहते. म्हणून आमच्या घरांतून स्वेटरच्या पाठीचा सरळ भाग मालिकेसाठी राखलेला असे. बगलेचे टाके कमी करणे, गळा घेणे ही कामे दुपारची. तिथे युद्ध पाहत बसणे परवडत नसे.

गंमत अशी, की 'स्वामी' मालिकेत दिसले ते पेशव्यांचे अठरावे शतक. दोन सुयांचे विणकाम मात्र आपल्याकडे रुजले ते एकोणिसाव्या शतकात, मुख्यतः मिशनरी स्त्रियांच्या मुलींच्या शाळांतून. रमाबाईंच्या वाड्यात नसलेली कला तिची कथा पाहणाऱ्या हातांत होती!

'महाभारता'च्या ९४ भागांची नोंद आहे. त्यांच्यासमोर विणले गेलेले स्वेटर कोणी मोजले नाहीत. थोरल्याला आखूड झाला की स्वेटर उसवायचा, लोकर धुऊन वाळवायची आणि धाकट्यासाठी पुन्हा टाके घालायचे. म्हणून दाखविण्याजोगा एकही नमुना आमच्याकडे उरलेला नाही.