विमानाचा मिस्त्री घडतो कुठं, शाळेत की कॉलेजात?

नांदेडला विमान उतरलं की आपलं लक्ष पायलटकडं जातं. पण विमान पुन्हा उडायला ठीक आहे म्हणून सही करतो तो देखभाल इंजिनिअर. आपल्या आखाडा बाळापूरच्या पोराला ती सही करायची असेल तर वाट कुठून जाते? त्यासाठी थोडं मागं जावं लागेल.

1950 साली केंद्राची कारागीर प्रशिक्षण योजना आली, त्यातून आयटीआय उभ्या राहिल्या. 1961 ला शिकाऊ उमेदवार कायदा झाला. 1964 ला नाशिकजवळ ओझरला एचएएलचा मिग कारखाना आला. फिटर, टर्नर, वेल्डर झालेल्या गावाकडच्या पोरांना अशा कारखान्यात हात तयार करायची सोय झाली.

शाळांतही प्रयोग झाले. तांत्रिक विद्यालयं निघाली, अकरावी-बारावीला बायफोकल आलं. 1986 च्या शैक्षणिक धोरणानं ठरवलं होतं की 1990 पर्यंत 10 टक्के आणि 1995 पर्यंत 25 टक्के पोरं +2 ला व्यवसाय शिक्षणाकडं वळवायची. तेवढी वळलीच नाहीत. व्होकेशनल म्हणजे कमी मार्कवाल्यांचा वर्ग, हा शिक्का काही पुसला नाही.

मग शिक्षण वर सरकलं. 1995 ला पाँडिचेरी विद्यापीठानं कम्युनिटी कॉलेज काढलं, पुढं 2013 च्या सुमारास यूजीसीनं त्याची देशभर योजना केली.

पण विमानाचं गणित वेगळं आहे. इथं लायसन्स देतं डीजीसीए. त्याला बारावीत भौतिक, रसायन, गणित लागतं, नाहीतर इंजिनिअरिंगचा डिप्लोमा. म्हणजे दहावीनंतर आयटीआय केलेला पोरगा कितीही हुशार असो, थेट आत जात नाही. त्याला आधी डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला प्रवेश घेऊन पुढं यावं लागतं. ही वाट आहे, पण गावात सांगतं कोण?

अमेरिकेत मेकॅनिकचं सर्टिफिकेट 18 वर्षांखाली मिळत नाही. तरी न्यूयॉर्कच्या क्वीन्समध्ये एव्हिएशन हायस्कूल सरकारी मान्यतेनं हेच काम शिकवतं, आणि कम्युनिटी कॉलेजंही शिकवतात. तिथं शाळा आणि कॉलेज दोन्ही दारं उघडी आहेत.

माझं म्हणणं एवढंच. सहीची जबाबदारी मोठी, म्हणून शिक्षण कॉलेजात गेलं तर वावगं नाही. पण खालची पायरी काढून वरची बांधली तर चढायचं कसं? फी भरू शकणारा शहरातल्या खाजगी संस्थेत जाईल, कळमनुरी तालुक्यातला शेतकऱ्याचा पोरगा खालीच राहील.

स्वामी रामानंद तीर्थ विद्यापीठ नांदेडात आहे, विमानतळही तिथंच आहे. असा कोर्स तिथं निघावा. मात्र डीजीसीएची मान्यता घेऊनच, नाहीतर सर्टिफिकेट भिंतीवर राहील आणि लायसन्स मिळणार नाही. आणि आयटीआयच्या पोरांसाठी गणित-भौतिकाचा जोडवर्ग आपल्या तालुक्यातच व्हावा.

तुमच्या घरात दहावीचं पोरगं किंवा पोरगी असेल तर हे आजच त्यांच्या कानावर घाला.