मांसात उरलेला प्रवास

१८६५ सालच्या नाताळच्या दिवशी शिकागो शहरात ‘युनियन स्टॉक यार्ड्‌स’ हा जनावरांचा प्रचंड बाजार उघडला. पश्चिमेकडील कुरणांतली गुरे आगगाडीच्या डब्यांत कोंबून तेथे येत. वाटेत कित्येकदा त्यांना चारा मिळत नसे, पाणीही नसे. हे हाल पाहून १८७३ साली अमेरिकेच्या काँग्रेसने कायदा केला. सलग २८ तासांहून अधिक काळ जनावरे डब्यात ठेवू नयेत आणि मग त्यांना उतरवून किमान ५ तास चारा, पाणी व विसावा द्यावा, असे त्याने ठरविले. हा कायदा १९०६ साली नव्याने करावा लागला.

कायद्यामागे भूतदया होती. मात्र त्या ५ तासांचे हिशेब पुढे शास्त्राने तपासले. फ्रेंच शरीरशास्त्रज्ञ क्लोद बेर्नार याने १८५७ साली यकृतातील शर्करेच्या साठ्याला ‘ग्लायकोजेन’ हे नाव दिले. स्नायूंतही असाच साठा असतो. वधानंतर त्याचे लॅक्टिक आम्ल बनते आणि मांसाचा पीएच सुमारे ७ वरून ५.५ च्या आसपास उतरतो. हा अंक जितका खाली, तितकी आम्लता अधिक. मांसाला तांबूस रंग व टिकाऊपणा येतो तो या आम्लतेमुळे. भय, उपासमार व धक्काबुक्की यांत तो साठा आधीच खर्ची पडला, तर पीएच ६ च्या वर राहतो आणि मांस काळपट, चिकट व लवकर नासणारे होते. रवंथ करणाऱ्या जनावरांत हा साठा भरून यावयास दिवस लागतात. पाच तासांत तहान भागते, पण झीज भरून निघत नाही.

म्हणूनच १९७० नंतर टेंपल ग्रँडिन या विदुषीने उपाय अगोदरच शोधला. जनावराच्या डोळ्यांच्या उंचीवरून वाट पाहिली, तर एखादी सावली किंवा लोंबती साखळीही त्याला थबकविते, हे तिने दाखविले. आणि भरीव भिंतींच्या, वळणदार वाटा आखून दिल्या.

आपल्याकडे १९६० साली प्राण्यांना निर्दयपणे वागविण्यास प्रतिबंध करणारा कायदा झाला, आणि २००१ च्या नियमांनी कत्तलखान्यात वधापूर्वी २४ तासांच्या विश्रांतीची अट घातली. मी सरकारी सेवक आहे. नियमाचे मोल मी जाणतो. परंतु नियम पाळल्याची नोंद कागदावर कशीही करता येते. मुक्या जनावराने सोसलेल्या प्रवासाची नोंद मात्र त्याच्या स्नायूंत होते, आणि ती कोणालाही खोडता येत नाही.