पावणेदोनशे म्हणजे किती? परवचा, पाढे आणि घरातली शाळा

आजच्या भागात राजे नाहीत, लढाया नाहीत. आज आपण जाणार आहोत दुसरी-तिसरीच्या गणिताच्या तासाला. पण त्याआधी जरा भाजी मंडईत डोकावूया.

भाजीवाल्या मावशी म्हणतात, "पावणेदोनशे झाले." आपण फोन काढतो, कोड स्कॅन करतो आणि बोट तिथंच अडकतं. पावणेदोनशे म्हणजे एकशे पंचाहत्तर की दोनशे पंचवीस? मग हळूच विचारतो, "मावशी, नीट आकड्यात सांगा ना." लाजू नका, माझंही असं झालंय.

आता गंमत ऐका. शंभर-दीडशे वर्षांपूर्वी शाळेत जाणारं आठ-नऊ वर्षांचं पोरगं इथं अडकलं नसतं. का? तर त्याला पाव, अर्धा, पाऊण, सव्वा यांचे पाढे पाठ असायचे. हो, अपूर्णांकांचे पाढे!

त्या काळी गावातला पंतोजी मुलांना ओसरीवर नाहीतर देवळात बसवायचा. समोर धूळपाटी, म्हणजे बारीक धूळ पसरलेली फळी. तिच्यावर अक्षर गिरवायचं आणि पुसायचं. हिशेबासाठी पाढे. पावकी म्हणजे पावचा पाढा, निमकी म्हणजे अर्ध्याचा, मग पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी आणि औटकी. औट म्हणजे साडेतीन.

हे कशासाठी? मुलांना छळायला नाही. तेव्हा रुपयाचे १६ आणे आणि आण्याचे ४ पैसे. मण म्हणजे ४० शेर. समजा, एखाद्या वस्तूचा भाव शेराला सव्वा आणा आहे आणि आईनं ७ शेर आणायला सांगितलंय. सवायकीत सातच्या घरात काय येतं? पावणेनऊ. म्हणजे ८ आणे ३ पैसे. झाला हिशेब! पाटी नको, पेन्सिल नको. शाळेत घोकलेलं संध्याकाळी बाजारात कामाला येत होतं.

आता खरा मुद्दा. हे पाढे फक्त शाळेत पाठ व्हायचे नाहीत. दिवेलागणीला मुलं हातपाय धुऊन दिव्यापुढे बसायची. शुभंकरोती झालं की पाढे सुरू. यालाच म्हणायचे परवचा. आजोबा ओसरीवर सुपारी कातरत असायचे, आजी तांदूळ निवडत असायची, पण कान मुलांकडे. एक आकडा चुकला की तिकडून आवाज, "अं? पुन्हा म्हण!" त्या आजीला कदाचित लिहिता येत नसेल, पण वर्षानुवर्षं ऐकून तिलाही पाढे येत होते. रोज ठरलेली वेळ आणि ऐकणारा एक कान, एवढीच घरची मदत.

पण थांबा. इथं आपण "किती छान होते ते दिवस" म्हणून मोकळे झालो, तर अर्धाच इतिहास सांगितल्यासारखं होईल. हा परवचा कुणाच्या घरात होता? पंतोजीच्या शाळेत मुख्यतः वरच्या जातींची आणि व्यापारी घरांतली मुलं असायची. मुली जवळपास नाहीतच. दलितांच्या मुलांना तर दारही बंद. ज्या घरात पिढ्यान् पिढ्या कुणी शाळा पाहिली नाही, तिथं संध्याकाळी पाढा कोण ऐकणार? सावकाराच्या वहीत काय लिहिलंय, हे कोण तपासणार?

म्हणून पुढचं पान महत्त्वाचं आहे. १८४८ मध्ये सावित्रीबाई आणि जोतीराव फुले यांनी पुण्यात भिडेवाड्यात मुलींची शाळा काढली. १८५५ मध्ये त्यांनी दिवसभर राबणाऱ्या मोठ्या माणसांसाठी रात्रशाळा सुरू केली. आणि १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे निवेदन देताना जोतीरावांनी प्राथमिक शाळेत काय शिकवावं, याची यादीच दिली. मोडी आणि बाळबोध वाचन-लेखन, हिशेब, थोडा इतिहास, भूगोल, व्याकरण, शेतीची माहिती, नीती आणि आरोग्य. यादीत हिशेब आहे बघा. ज्याला हिशेब येत नाही, त्याला फसवणं सोपं असतं.

मग हे पाढे गेले कुठं? १ एप्रिल १९५७ ला रुपयाचे १०० नवे पैसे झाले. आणे गेले. पुढच्या काही वर्षांत शेर आणि मण जाऊन ग्रॅम-किलो आले. पावकी-निमकीचं रोजचं काम संपलं, तशी ती पुस्तकातूनही गेली. भाषेत मात्र सव्वाशे, दीडशे, अडीचशे राहिले. मंडईत आपण अडकतो ते यामुळं.

पाढे जाणं ठीक होतं. काळ बदलला. पण त्यांच्याबरोबर घरातला तो ऐकणारा कानही हळूहळू गेला. आता आपण म्हणतो, "हल्लीचं गणित आम्हाला नाही कळत, क्लास लाव."

२०१९ आठवतंय? बालभारतीच्या दुसरीच्या गणितात बावन्नला 'पन्नास दोन' म्हणायची पद्धत आली आणि केवढा गदारोळ झाला. विधिमंडळापर्यंत विषय गेला. मीम्सचा तर पाऊस. पण त्यामागची अडचण खरी होती. आपण बावन्न म्हणताना दोन आधी बोलतो आणि लिहिताना पाच आधी लिहितो. म्हणून लहान मुलं ५२ च्या जागी २५ लिहितात. शेजारच्या कन्नडमध्ये पन्नास आधी येतो, दोन नंतर. कुठली पद्धत चांगली, यावर वाद घाला खुशाल. पण घरातलं पोर 'पन्नास दोन' किंवा 'फिफ्टी टू' म्हणालं तर हसू नका. "बरोबर, आणि आजी त्यालाच बावन्न म्हणते," एवढं सांगा.

तर मंडळी, तुमच्या घरात दुसरी-तिसरीतला भाऊ, बहीण, भाची, पुतण्या कुणी असेल, तर आज तीन गोष्टी करून बघा. एक, फोन बाजूला ठेवून दहा मिनिटं त्याचं ऐका. शिकवू नका, फक्त ऐका. चुकलं तर "पुन्हा म्हण" म्हणा, बास. दोन, मंडईत त्याला बरोबर न्या. पैसे पाठवण्याआधी हिशेब त्याला करू द्या. पाव किलो आणि अर्धा किलो हातात धरू द्या. तीन, "शाळेत आज काय झालं?" असं मोघम न विचारता, "आज शिकलास ते मला शिकव" म्हणा.

यातल्या एकाही गोष्टीला पदवी लागत नाही. शाळेत न गेलेली आई हे करू शकते, रिक्षा चालवून दमून आलेला बापही करू शकतो. फुल्यांच्या काळी ज्या घरांना दार बंद होतं, त्या घरांतली मुलं आज वर्गात बसली आहेत. त्यांच्या संध्याकाळी कुणी ऐकणारं असायला हवं.

आणि हो, पावणेदोनशे म्हणजे एकशे पंचाहत्तर. दोनशेला पाव शेकडा कमी. मावशींना आता न विचारता पैसे पाठवा. भेटूया पुढच्या भागात!