वऱ्हाडचा महसूल, कंटिंजंटची गणती

बुलढाणा जिल्ह्यातील साखरखेर्डा येथे १७२४ च्या ऑक्टोबरात निजामुल्मुल्काने मुबारिझखानाचा पराभव केला आणि दख्खनेत आसफजाही घराण्याचा जम बसला. पुढे हाच मुलूख निजामाच्या हातून गेला, तो रणात हरल्यामुळे नव्हे. फौजेचा पगार थकल्यामुळे.

ही फौज म्हणजे हैदराबाद कंटिंजंट. रेसिडेंट हेन्री रसेल याने १८१३ मध्ये उभारलेल्या ब्रिगेडीतून ती वाढत गेली आणि तिचा खर्च सालीना सुमारे ४० लाखांवर पोहोचला. पैसा निजामाचा, अधिकारी इंग्रज, हुकूम रेसिडेंटचा. खजिन्यात खडखडाट झाला तेव्हा पगारासाठी विल्यम पामरच्या पेढीचे जबर व्याजाचे कर्ज काढले गेले. १८२० मध्ये आलेला रेसिडेंट चार्ल्स मेटकाफ त्या पेढीच्या मागे लागला. पेढी बुडाली, फौजेला मात्र कात्री लागली नाही.

तिचे घोडदळ शिलेदारी होते. घोडा, खोगीर, दाणावैरण हे सारे स्वाराने पाहायचे आणि त्याबद्दल ठोक पगार घ्यायचा. घोडा मेला तर नव्यासाठी स्वारांच्याच चंद्यातून मदत मिळे. नवे जनावर कमांडंटने पसंत केल्याशिवाय रिसाल्यात येत नसे. मोगलांचा डाग आणि चेहरा, मराठ्यांची गणती, यांच्याच कुळातली ही तपासणी. फरक एवढाच, की तिथे पगार देणारे सरकार आपल्याच कारकुनांकरवी घोडे मोजून घेई. इथे मोजणारा एक आणि भरणारा दुसरा.

२१ मे १८५३ च्या तहाने थकबाकीपोटी वऱ्हाड कंपनीकडे गेले. किमान ५ हजार पायदळ, २ हजार घोडदळ आणि ४ तोफखाने ठेवायचे, असे कलमातच लिहिले गेले. मुलखाचे प्रथम दोन भाग पाडले: दक्षिण वऱ्हाडचे ठाणे हिंगोली, उत्तरेचे बुलढाणा. मेहकर-मलकापूरकडचा सारा आता फौजेच्या खाती जमा होऊ लागला. खर्च वजा जाता शिल्लक निजामाला मिळायची होती. १८६० च्या तहात ५० लाखांचे कर्ज माफ झाले, पण वऱ्हाडचा हिशेब मागण्याचा निजामाचा हक्कही त्याबरोबर गेला. माफी महाग पडली म्हणायची!

मुळात कर्ज खरे किती होते? सिकंदराबाद आणि जालना छावण्यांची अबकारी कंपनीने वर्षानुवर्षे घेतली होती. दोन्ही सरकारांचे देणेघेणे निःपक्षपातीपणे पाहिले असते तर निजामाकडे आपले न्याय्य येणे निघालेच नसते, असे खुद्द रेसिडेंट कर्नल डेव्हिडसन याने १८६० मध्ये कळवले. सालारजंगाने वऱ्हाड परत मिळावे म्हणून विलायतेपर्यंत खटपट केली. ती फुकट गेली.

५ नोव्हेंबर १९०२ रोजी कर्झनने महबूब अली खानाशी करार करून वऱ्हाड सालीना २५ लाखांवर कायमच्या पट्ट्याने घेतले. कंटिंजंटचे वेगळे खातेच संपले. ती आता हिंदी सैन्याचा भाग झाली. आणि १९०३ मध्येच तोफखाने मोडले, घोडदळाच्या चार पलटणींच्या तीन केल्या. निजामाच्या नावे खर्च पडत होता तोवर ५० वर्षे जे 'किमान' होते, ते जादा ठरायला एक वर्ष पुरले.

पायदळाच्या सहाही पलटणी राहिल्या. त्यांतल्या एकीला ९६ वी बेरार इन्फंट्री असे नाव मिळाले. आजच्या कुमाऊँ रेजिमेंटची दुसरी बटालियन ती हीच. 'बेरार' हे नाव ती अजूनही लावते.